थायरॉइडची गोळी : केव्हां घ्यावी व केव्हां थांबवावी

मनुष्यदेहाची रचना पाहूं लागलें म्हणजे निर्माणकर्त्याच्या योजकतेचें नवल वाटल्यावांचून रहात नाहीं. त्या रचनेंत जें लहान तें कमी महत्त्वाचें, असा नियम कोठेंच आढळत नाहीं. हृदय, फुप्फुसें, मेंदू यांची ओळख आपणांस पाठ्यपुस्तकांतून झालेली असते. परंतु गळ्याच्या पुढच्या अंगास, कंठमण्याच्या किंचित् खालीं, पंख पसरून बसलेल्या फुलपाखरासारखी जी एक ग्रंथि आहे, तिची आठवण ती बिघडेपर्यंत कोणास होत नाहीं. मोठ्या माणसांत तिचें वजन सुमारें २० ग्रॅम, म्हणजे दोन तोळ्यांहून कमीच भरतें. तिला थायरॉइड ग्रंथि म्हणतात. आपल्या शास्त्रीय परिभाषेंत तिला अवटु ग्रंथि असें नांव आहे. ही ग्रंथि फाजील काम करूं लागली असतां जो आजार होतो, त्यावरील औषध सुरक्षितपणें कसें घ्यावें, याचा विचार या लेखांत करावयाचा आहे.

हा विषय डॉक्टरांचा. शाळेच्या वार्षिकांत त्याचें काय प्रयोजन, अशी शंका कोणी घेईल. परंतु औषध लिहून देणें हें जरी डॉक्टरांचें काम असलें, तरी तें रोज घेणें आणि घेतांना सावध असणें हें काम घरांतील माणसांचें आहे. आणि या बाबतींत थोडेंसें अज्ञानहि प्राणावर बेतूं शकतें.

ग्रंथीचें कार्य

आपण अन्नाबरोबर जें आयोडीन पोटांत घेतों, तें ही ग्रंथि रक्तांतून वेंचून घेते व त्यापासून दोन द्रव्यें तयार करिते. एकाच्या रेणूंत आयोडीनचे चार अणु असतात म्हणून त्यास टी-४, व दुसऱ्याच्या रेणूंत तीन असतात म्हणून त्यास टी-३ म्हणतात. हीं द्रव्यें रक्ताबरोबर सर्व शरीरभर फिरतात व पेशींचें काम किती वेगानें चालावें हें ठरवितात. दिव्याची वात वर सारली कीं ज्योत मोठी होते, पण तेलहि लौकर संपतें; वात खालीं ओढली कीं दिवा मंद होतो. थायरॉइडचीं द्रव्यें म्हणजे या देहरूपी दिव्याची वातच होय.

वात किती वर असावी यावर देखरेख मेंदूच्या तळाशीं असलेली पिट्यूटरी ग्रंथि ठेविते. द्रव्यें कमी पडलीं कीं ती टी.एस.एच. नांवाचा रासायनिक निरोप अधिक धाडते. द्रव्यें जास्त झालीं कीं निरोप धाडणें जवळजवळ बंद करिते. म्हणून रक्ततपासणीच्या कागदावर टी.एस.एच.चा आंकडा फार खालीं गेलेला दिसला, तर ग्रंथि फाजील काम करीत आहे असा सामान्यतः अर्थ असतो. आंकडा कमी म्हणजे ग्रंथीचें काम कमी, असा उलटा अर्थ पुष्कळ घरांतून लावला जातो. तो लावूं नये.

या ग्रंथीचें महत्त्व जगास कसें कळलें, ती हकीकत बोधप्रद आहे. स्वित्झर्लंडांतील बर्न शहरचे शस्त्रवैद्य थिओडोर कोखर हे गलगंडाच्या शस्त्रक्रियेंत अत्यंत निष्णात होते. ज्यांची ग्रंथि त्यांनीं समूळ काढिली होती, अशा रोग्यांची त्यांनीं पुढें चौकशी केली, तेव्हां त्यांतील पुष्कळ जण बुद्धीनें मंद, अंगानें सुजलेले व सदा थंडीनें गारठलेले असे आढळले. १८८३ सालीं कोखर यांनीं आपल्याच शस्त्रक्रियेचा हा दुष्परिणाम उघडपणें जाहीर केला, व साध्या गलगंडांत पूर्ण ग्रंथि काढण्याचें सोडून दिलें. १९०९ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. तात्पर्य, ग्रंथीचें काम अधिक होणें जसें वाईट, तसें तें अजीबात बंद पडणेंहि वाईट. औषधाचा हेतु वात विझविणें हा नसून ती योग्य जागीं आणणें हा आहे, हें ध्यानांत ठेवावें.

आजार व त्याची ओळख

ग्रंथीच्या या अतिरेकाचें सर्वांत नेहमीं आढळणारें कारण म्हणजे ग्रेव्ह्जचा रोग. डब्लिन येथील डॉक्टर रॉबर्ट ग्रेव्ह्ज यांनीं १८३५ सालीं व जर्मनींतील डॉक्टर कार्ल फॉन बासेडो यांनीं १८४० सालीं त्याचें वर्णन केलें. शरीराचें रक्षण करण्यासाठीं जी यंत्रणा असते, तीच या रोगांत चुकते आणि टी.एस.एच.ची नक्कल करणारीं द्रव्यें निर्माण करिते. पिट्यूटरी ग्रंथि गप्प असूनहि थायरॉइडला ‘काम कर, काम कर’ असा खोटा हुकूम सतत मिळत राहतो. हा रोग पुरुषांपेक्षां स्त्रियांत पुष्कळ अधिक आढळतो, आणि शाळेंत जाणाऱ्या वयांतहि तो होऊं शकतो.

यांत छातींत धडधडतें, हात कांपतात, घाम फार येतो, उकाडा सोसवत नाहीं, भूक वाढते तरी वजन घटतें, झोंप लागत नाहीं, वारंवार शौचास होतें, गळा पुढून फुगलेला दिसतो व कांहींचे डोळे बाहेर आल्यासारखे होतात. विद्यार्थ्याच्या ठिकाणीं मात्र हीं लक्षणें निराळें रूप धारण करितात. पूर्वीं शांत असणारी मुलगी बाकावर स्थिर बसत नाहीं, क्षुल्लक कारणानें रडते, तिचें सुंदर अक्षर बिघडतें, अभ्यासांत लक्ष लागत नाहीं व गुण कमी होतात. घरीं तिला हट्टी म्हणतात, शाळेंत बेशिस्त म्हणतात, आणि छातींतील धडधडीस परीक्षेची भीति असें नांव मिळतें. शिक्षा करण्यापूर्वीं तिच्या नाडीचे ठोके मोजण्याची बुद्धि एखाद्या शिक्षकास अगर मातेस झाली, तर तिचे पुष्कळ दुःखाचे महिने वांचतील.

येथें एका घातुक गैरसमजाचा उल्लेख केला पाहिजे. ‘मला थायरॉइड आहे’ असें म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात पडला आहे. ग्रंथि तर प्रत्येकास आहे; प्रश्न ती कमी काम करिते कीं जास्त, हा आहे. ज्यांची ग्रंथि मंद आहे त्यांस डॉक्टर थायरॉक्सिनची गोळी देतात. ज्यांची ग्रंथि अति वेगानें चालते त्यांस त्याच्या अगदीं उलट गुणाची गोळी देतात. दोहोंसहि लोक ‘थायरॉइडची गोळी’च म्हणतात. एकाच घरांत आई थायरॉक्सिन घेत असेल व मुलगी उलट औषध घेत असेल, तर दोन डब्यांची अदलाबदल होणें कठीण नाहीं. आणि जळत्या दिव्याची वात आणखी वर सारण्याचा तो प्रकार होईल. म्हणून ‘थायरॉइडची गोळी’ हे शब्द टाकून प्रत्येकानें आपल्या औषधाचें पूर्ण नांव पाठ करावें.

औषध कसें काम करतें

बाल्टिमोर येथें उंदरांवर प्रयोग करणाऱ्या संशोधकांस असें आढळलें कीं, सल्फाग्वानिडीन नांवाचें औषध दिलें असतां उंदरांची थायरॉइड ग्रंथि वाढते. कारण तिचें द्रव्यें बनविण्याचें काम अडतें. या धाग्यावरून पुढें जाऊन बॉस्टन येथील एडविन ॲस्टवुड यांनीं १९४३ सालीं थायोयूरिया व थायोयुरासिल हीं द्रव्यें रोग्यांस देऊन त्यांचा गुण सिद्ध केला. हल्लीं आपल्या देशांत या वर्गांतील कार्बिमाझोल हें औषध पुष्कळ वापरतात. शरीरांत गेल्यावर त्याचें मेथिमाझोल बनतें, व तें ग्रंथीस नवीं द्रव्यें बनवूं देत नाहीं. प्रोपिलथायोयुरासिल नांवाचें याच वर्गांतील दुसरें औषध आहे. परंतु त्यापासून यकृतास गंभीर इजा होण्याचा संभव असल्यामुळें तें मुलांस सहसा देत नाहींत.

‘गोळी सुरू करून आठ दिवस झाले, गुण कांहींच नाहीं,’ अशी तक्रार नेहमीं ऐकूं येते. तिचें उत्तर सोपें आहे. ग्रंथि म्हणजे नुसता कारखाना नव्हे, तें एक कोठारहि आहे. गोळीनें कारखाना थांबतो. पण कोठारांत आधींच सांठविलेलें द्रव्य रक्तांत उतरतच राहतें. तें संपण्यास कांहीं आठवडे लागतात. बहुधा दोन ते चार आठवड्यांत बरें वाटूं लागतें, व रक्तांतील प्रमाण योग्य होण्यास सहा ते आठ आठवडेहि लागतात. तोंपर्यंत हृदयाची धडधड व हातांचा कंप आटोक्यांत ठेवण्यासाठीं डॉक्टर प्रोप्रानोलोलसारखी दुसरी गोळी देतात. दम्याचा विकार असल्यास तो डॉक्टरांस आधींच सांगावा. कारण ही दुसरी गोळी दम्याच्या रोग्यास अपाय करूं शकते.

नेमाच्या गोष्टी

पहिली गोष्ट, प्रमाण. कार्बिमाझोलची गोळी ५, १० व २० मिलिग्रॅम अशा निरनिराळ्या बळाची मिळते. नांव तेंच, पण बळ दुप्पट अगर चौपट असूं शकतें. नवी पट्टी आणली कीं नांवाबरोबर आंकडाहि चिठ्ठीशीं ताडून पहावा. शेजारणीस अमुक प्रमाण लागू पडलें म्हणून आपणहि तेंच घ्यावें, असें करूं नये. मुलांचें प्रमाण तर त्यांच्या वजनावरहि अवलंबून असतें.

दुसरी गोष्ट, वेळ. गोळी रोज ठरल्या वेळीं घ्यावी. जेवणाआधीं कीं नंतर, यानें फारसें बिघडत नाहीं. रोज एकच रीत असावी म्हणजे विसर पडत नाहीं. एखादे वेळीं गोळी चुकली, तर आठवण होतांच घ्यावी. दुसऱ्या गोळीची वेळ जवळ आली असल्यास चुकलेली सोडून द्यावी. दोन गोळ्या एकदम घेऊन भरपाई करूं नये.

तिसरी गोष्ट, रक्ताची तपासणी. आरंभीं दर चार ते सहा आठवड्यांनीं व पुढें दोन-तीन महिन्यांनीं तपासणी करून डॉक्टर प्रमाण कमी करीत आणतात. जो हा नेम पाळीत नाहीं, तो आरंभींचें मोठें प्रमाण महिनोन्महिने घेत राहतो व त्याची ग्रंथि मंदावते. वजन एकाएकीं वाढणें, सुस्ती, थंडी सहन न होणें, बद्धकोष्ठ, गळ्याची सूज वाढणें, हीं औषध अधिक होत असल्याचीं चिन्हें होत. वाढत्या मुलाची वाढ व अभ्यास दोन्ही त्यामुळें खुंटतात. तपासणींत टी.एस.एच. कित्येक महिने खालींच राहतो. तेवढ्यावरून औषध फुकट गेलें असें समजूं नये, डॉक्टर टी-३ व टी-४ हेहि आंकडे पाहत असतात. केंसांसाठीं किंवा नखांसाठीं बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तें सांगावें. त्यामुळें तपासणीचे आंकडे चुकीचे येतात, म्हणून त्या निदान दोन दिवस आधीं बंद ठेवाव्या लागतात.

चौथी गोष्ट, धीर. औषध सामान्यतः बारा ते अठरा महिने चालतें. मुलांस त्याहून अधिक, पुष्कळदां कित्येक वर्षें घ्यावें लागतें. तीन महिन्यांत मुलगी गुटगुटीत दिसूं लागली कीं ‘आतां कशाला औषध?’ असें म्हणणारे आप्त भेटतातच. परंतु आपल्या मनानें औषध बंद केलें तर रोग उलटतो. अशा स्थितींत जंतुसंसर्ग किंवा शस्त्रक्रिया यांची भर पडली, तर भारी ताप, अत्यंत जलद नाडी, वांति, भ्रम अशी भयंकर अवस्था उत्पन्न होऊं शकते. इंग्रजींत तिला वादळाची उपमा दिलेली आहे, व ती यथार्थ आहे. अशा रोग्यास तत्काळ मोठ्या इस्पितळांतच नेलें पाहिजे.

ताप आणि घसा

आतां या लेखाचा मुख्य मुद्दा. कार्बिमाझोल किंवा त्याच्या वर्गांतील औषध घेणाऱ्या दर हजार माणसांत सुमारें दोन ते पांच जणांस एक गंभीर विकार होतो. हाडांच्या मगजांत रक्तांतील पांढऱ्या पेशी तयार होतात, व त्यांतील एक जात जंतूंशीं लढण्याचें काम करिते. या औषधामुळें क्वचित् ती जात जवळजवळ नाहींशी होते. पहारेकरीच गेल्यावर साधा जंतुसंसर्गहि प्राणघातक ठरूं शकतो. हा विकार बहुधा पहिल्या तीन महिन्यांत होतो. पण नंतरहि, किंवा बंद केलेलें औषध पुन्हां सुरू केल्यावरहि, होऊं शकतो.

त्याचीं चिन्हें दिसण्यांत अगदीं साधीं असतात : ताप येणें, घसा दुखणें, तोंड येणें. आणि धोका आहे तो येथेंच. आपल्या महाराष्ट्रांत पावसाळा लागला कीं घरोघरीं ताप असतो. कोणास हिंवताप, कोणास डेंग्यू, कोणास नुसतें पडसें. पहिल्या दिवशीं काढा, दुसऱ्या दिवशीं दुकानांतील तापाची गोळी, तिसऱ्या दिवशीं गरम पाण्याच्या गुळण्या, आणि चौथ्या दिवशीं डॉक्टर, अशी आपली रूढ वाट आहे. इतरांस ती कदाचित् चालेल. हें औषध घेणाऱ्यास ती चालणार नाहीं. तापाच्या गोळीनें ताप उतरतो व धोका मात्र झांकला जातो.

म्हणून नियम असा : कार्बिमाझोल घेणाऱ्या माणसास ताप आला, घसा दुखूं लागला किंवा तोंड आलें, तर पुढची गोळी घेऊं नये, व त्याच दिवशीं डॉक्टरांकडे जाऊन रक्तांतील पांढऱ्या पेशींची, त्यांच्या जातवारीसह, मोजणी करून घ्यावी. ही तपासणी साधी असून तालुक्याच्या गांवींहि बहुधा होते, सी.बी.सी. या नांवानें ती सर्वांस ठाऊक आहे. रात्र असली तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळ गांठावें. ‘गेल्या महिन्यांतच रक्त तपासलें होतें’ या समाधानावर राहूं नये. एक तर ती बहुधा थायरॉइडची तपासणी असते, पेशींची नव्हे. आणि दुसरें, या पेशी थोड्याच दिवसांत एकाएकीं घटूं शकतात.

येथें कोणी विचारील, ‘आतांच तुम्ही सांगितलें कीं आपल्या मनानें औषध बंद करूं नये, आणि आतां म्हणतां कीं गोळी घेऊं नये. खरें कोणतें?’ दोन्ही खरीं आहेत, व दोहोंमध्यें विरोध नाहीं. बरें वाटतें म्हणून, किंवा कंटाळा आला म्हणून, आठवडेच्या आठवडे औषध सोडणें निराळें. आणि मोजणीचा निकाल येईपर्यंत एक-दोन गोळ्या थांबविणें निराळें. गोळीचा परिणाम सावकाश होतो, तसा तो सावकाशच ओसरतो. म्हणून एखाद्या दिवसाच्या खंडानें ग्रंथि लगेच उसळत नाहीं. उलट पेशी घटल्या असतील, तर एकेक गोळी घातुक आहे. मोजणी ठीक आली तर डॉक्टर औषध पुन्हां सुरू करण्यास सांगतात. पेशी घटल्या असल्या तर तें औषध त्या माणसास पुन्हां कधींहि देत नाहींत. मात्र थांबवावयाची ती कार्बिमाझोलचीच गोळी. प्रोप्रानोलोल एकदम बंद करणें इष्ट नाहीं. त्याविषयीं डॉक्टरांचा हुकूम घ्यावा.

डोळे किंवा त्वचा पिवळी होणें, लघवी गडद होणें, पोटांत तीव्र दुखणें, सर्वांगास कंड सुटणें, यांतील कांहींहि झाल्यास हाच नियम लागू आहे; कारण यकृतास किंवा स्वादुपिंडास क्वचित् इजा होते. केवळ थोडें पुरळ उठणें मात्र पुष्कळदां आढळतें व तें बहुधा सौम्य असतें. तरी तेंहि डॉक्टरांस कळवावें.

इतर सूचना

विवाहित स्त्रियांनीं विशेष सावध असावें. गर्भाच्या पहिल्या तीन महिन्यांत कार्बिमाझोलपासून बालकांत व्यंग उत्पन्न होण्याचा संभव असतो. पण रोग तसाच सोडणेंहि माता व बालक दोघांस घातक असतें. म्हणून अपत्याचा विचार असतांनाच डॉक्टरांस सांगावें, व गर्भ राहिल्याचा संशय येतांच विलंब न लावतां त्यांस भेटावें. औषध बदलावें कीं थांबवावें, हें ते ठरवितील.

जेवणांतील नेहमींचें आयोडीनयुक्त मीठ सोडण्याचें कारण नाहीं. परंतु समुद्रवनस्पतींच्या गोळ्या, शक्तिवर्धक म्हणून विकलीं जाणारीं चूर्णें, यांत आयोडीन फार असूं शकतें, तीं टाळावीं. रक्त पातळ करणारें किंवा हृदयाचें कोणतेंहि औषध चालू असल्यास तें सांगावें. धूम्रपानानें या रोगांतील डोळ्यांचा विकार बळावतो. तेव्हां पालकांनींहि घरांत धूर करूं नये. गोळ्या मूळच्या पट्टींतच, ओल व ऊन लागणार नाहीं अशा जागीं, लहान मुलांच्या हातांस न लागतील अशा ठेवाव्या.

नाडी ताळ्यावर येईपर्यंत विद्यार्थ्यास कवाईत, धांवण्याच्या शर्यती व खेळांचे सामने यांतून सूट मिळावी; पालकांनीं तशी चिठ्ठी मुख्याध्यापकांस द्यावी व आजाराचें नांव लपवूं नये. हा रोग संसर्गजन्य नाहीं, व यांत लाजण्यासारखें कांहीं नाहीं. औषधानें रोग पुरता हटला नाहीं, तर किरणोत्सर्गी आयोडीन, ज्याचा उपयोग १९४१ सालीं बॉस्टन येथें प्रथम झाला, आणि शस्त्रक्रिया, असे दोन मार्ग आहेत. त्यांची निवड तज्ज्ञांनीं करावी.

शेवटीं विद्यार्थ्यांस एक काम सांगावेंसें वाटतें. ज्याच्या घरीं कोणी हें औषध घेत असेल, त्यानें आपल्या सुवाच्य अक्षरांत एका जाड कागदावर औषधाचें नांव, गोळीचें बळ व डॉक्टरांचा दूरध्वनि क्रमांक लिहावा. आणि त्याखालीं ठळकपणें असें लिहावें : ‘ताप आल्यास, घसा दुखल्यास किंवा तोंड आल्यास ही गोळी थांबवावी व आजच रक्तांतील पांढऱ्या पेशी मोजून घ्याव्या.’ तो कागद औषधाच्या डब्यांत ठेवावा. आजारी विद्यार्थी स्वतःच असेल, तर त्याची दुसरी प्रत दप्तरांत असावी व वर्गशिक्षकांस दाखविलेली असावी. ज्ञान हें परीक्षेपुरतें नसून शेजाऱ्याच्या उपयोगीं पडावें म्हणून असतें. या चार ओळी लिहिण्यास दहा मिनिटें लागतील. पण वेळ आली असतां त्यांनीं एखादा जीव वांचेल.